माडीवरची पत्र्याची खोली थंड करायचं काम: मार्च ते मे, तारखेप्रमाणं नोंदी

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. पुढं जुना सोपा (खालची पुढची खोली), दगडी भिंती दीड हाताच्या, त्याच्यावर लाकडी माडी आणि माडीवर पत्रा. मागं स्वयंपाकघर नंतर बांधलेलं, त्यावर स्लॅब, स्लॅबची गच्ची. माडीवरची खोली दहा बाय चौदा, आई तिथं असते, वय ७१. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. एसी परवडत नाही आणि पत्र्याच्या खोलीत एसी लावणं म्हणजे नुसतं बिल भरणं, म्हणून बाकी काय होतंय ते बघायचं ठरवलं. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांना उपयोग होईल म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

२३ मार्च

आधी मोजायचं आणि मगच पैसे घालायचे असं ठरवलं. घड्याळासारखा डिजिटल थर्मामीटर आणला, आर्द्रता पण दाखवतो, ३८० रुपये. दुपारी अडीचला गच्चीत सावलीला ३६.५, माडीत ४०, सोप्यात ३१. एकाच घरात ९ डिग्रीचा फरक.

फौंड्रीतल्या मित्राकडनं लेसर गन (लांबनंच तापमान दाखवणारी) आणली होती, पत्र्यावर मारली तर ३९ दाखवलं. मला वाटलं पत्रा एवढा काय तापत नाही, मग उष्णता भिंतीतनं येत असणार, आणि अख्खी संध्याकाळ पश्चिमेच्या भिंतीला काय लावायचं याच्या हिशोबात घालवली.

२५ मार्च

मित्राला आकडा सांगितला तर तो म्हणाला, "भावा, चकचकीत जीआय पत्र्यावर गन मारायची नसती, आकडा खोटा येतोय." जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. चकाकणारा धातू स्वतःची उष्णता गनला नीट दाखवतच नाही, आजूबाजूचंच प्रतिबिंब दाखवतो. त्यानं सांगितल्याप्रमाणं पत्र्याला आतनं काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, दहा मिनिटं थांबून टेपवर गन मारली. ६३. डोक्यावर ६३ डिग्रीचा तवा आणि त्याच्या खाली आई बसलेली. पंखा लावला की तीच वरची गरम हवा खाली येत होती.

तुम्ही गन वापरणार असाल तर टेप लावल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझे दोन दिवस यातच गेले.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर चुना आणायला गेलो. अहमदाबादला २०१० च्या मे मध्ये मोठी लाट आली, त्यानंतर २०१३ पासून तिथं हीट अ‍ॅक्शन प्लॅन (उष्णतेपासून लोकांना वाचवायचा आराखडा) आहे आणि वस्तीतल्या छतांना पांढरं करायचं काम त्यात चालतं, हे वाचलेलं होतं. चुना स्वस्त, म्हणून चुनाच घेतला. २० किलो चुनकळी (न विझवलेला चुना) ४०० रुपये, फेविकॉल २६०, ब्रश १८०.

१ एप्रिल

चुना विरघळवताना मोठी चूक केली. प्लास्टिकच्या बादलीत चुनकळी टाकली आणि वरनं पाणी ओतलं. दोन मिनिटात उकळायला लागलं, बादलीचा तळ मऊ होऊन वाकला (२२० ची बादली गेली) आणि शिंतोडे माझ्या मनगटावर उडाले. शेजारचं पोरगं बघायला म्हणून जवळ उभं होतं, त्याच्या डोळ्यात गेला असता तर काय झालं असतं या विचारानं रात्री झोप लागली नाही. चुन्यानं डोळा कायमचा जाऊ शकतो.

बरोबर पद्धत शेजारच्या गवंडीमामांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. लोखंडी पिंप घ्यायचं, आधी पाणी भरायचं, मग त्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची, कधीच उलटं नाही. डोळ्याला गॉगल, हातात रबरी मोजे, पोरं लांब. एक रात्र तसंच मुरू द्यायचं, सकाळी कापडातनं गाळायचं. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, निदान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

३ एप्रिल

पहाटे साडेपाचला पत्र्यावर चढलो, आठच्या आत दोन हात मारले. दुपारी टेपवर ५१, खोलीत ३८. लई आनंद झाला, चार जणांना फोन करून सांगितलं.

७ एप्रिल

चुना सुटला. पत्रा दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो आणि चुन्याचा थर काय त्याच्याबरोबर हलत नाही, पापुद्रे होऊन वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या वाळवणात गेले. काकूंचे सांडगे खराब झाले, जाऊन माफी मागून आलो. वर आणि मित्रानं सांगितलं की ओला चुना जीआयच्या जस्ताला खातो, म्हणजे राहिला असता तरी पत्र्याचं आयुष्य कमी झालं असतं. दोन सकाळी खरवडण्यात गेल्या.

पण पिंपात उरलेला चुना मागच्या स्लॅबवर, गच्चीला मारला आणि तिथं तो मस्त धरलाय. स्वयंपाकघरात बायको म्हणते आता दुपारी भांडी घासताना वरनं भट्टीसारखं येत नाही. म्हणजे चुना चांगलाच आहे, पण स्लॅबला. पत्र्याला नाही.

९ एप्रिल

ओली गोणपाटं. २४ पोती ४८० रुपयांना घेतली, पत्र्यावर अंथरून पाईपनं भिजवली. पहिल्या तासात खोली ३६ वर आली, पण अर्ध्या-पाऊण तासात पोती वाळतात आणि मग परत पाणी. दिवसात २०० लिटरच्या वर पाणी गेलं. एवढं पिण्याचं पाणी रोज पत्र्यावर ओतायला माझं मन होत नाही. शिवाय खिळ्यांच्या वायसरपाशी पाणी साठून एका ठिकाणी गळायला लागलं आणि पोत्यांना वास सुटला. दोन दिवसात काढली.

१२ एप्रिल

आज जोतिबाची यात्रा. पाहुणे आलेले, गुलालानं माखलेले, घर भरलेलं. दुपारी चारला पोरगी आईला चहाला बोलवायला वर गेली आणि तिथनंच ओरडली. आई कॉटवर बसलेली, डोळ्यापुढं अंधारी, पायात गोळे, उठायला गेली की तोल जात होता. बोलणं मात्र नीट होतं, सगळ्यांना ओळखत होती. उचलून खाली सोप्यात आणलं, फरशीवर झोपवलं, पाय उशीवर, ओल्या पंचानं मान-काखा पुसल्या, पंखा लावला, घोट घोट ओआरएस दिलं. अर्ध्या तासानं बरी वाटली.

डॉक्टरांनी रात्री काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. चक्कर, गोळे, मळमळ, डोकेदुखी हा पहिला टप्पा, तिथंच थांबवायचं. माणूस बरळायला लागला, ओळखेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग चटका बसण्यासारखं तापलं, ४० डिग्री म्हणजे १०४ ताप, की तो उष्माघात, १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत पाण्यानं भिजवून वारा घालत राहायचं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून श्वासनळीत जातं. आणि तापाची गोळी देऊन उपयोग नाही, हा ताप त्या जातीचा नाही.

१३ एप्रिल

डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, दिवसात पाणी किती पिता. ती म्हणाली, दोन-तीन पेले. मी घरी आल्यावर परत विचारलं, का गं एवढं कमी, तहान लागत नाही का. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आरं पाणी प्यालं की सारखं खाली जावं लागतंय. चौदा पायऱ्या. गुडघं दुखत्यात. रातच्याला पाय घसरला म्हंजे?"

संडास खाली परड्यात आहे. तीन आठवडे मी पत्रा मोजतोय, टेप लावतोय, चुना खरवडतोय, आणि ती पाणीच पीत नव्हती. तिच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये एक लघवीची गोळी आहे, त्यामुळं पाणी बाहेर जातंय जास्त आणि आत येतंय कमी. वयानं तहान पण उशिरा कळते असं डॉक्टर म्हणाले. गोळीचा डोस त्यांनी उन्हाळ्यापुरता बदलून दिला (तुमचा तुम्ही बदलू नका, आणि गोळी आपल्या मनानं बंद पण करू नका).

ओआरएसबद्दल पण सांगितलं की बीपीवाल्यांनी सरबतासारखं रोज प्यायचं नाही, त्यात मीठ असतं, गरज पडली तरच. मोठं पाकीट पुरं एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असला अंदाज नको, आणि २४ तासानंतर उरलेलं ओतून टाकायचं. रोजचं म्हणजे साधं पाणी, पातळ ताक, नाचणीची आंबील मीठ कमी घालून. तिला दिवसाला पावणेदोन लिटर ठरवून दिलंय.

१५ एप्रिल

तीन दिवस दर दोन तासांनी दोन्हीकडचे आकडे लिहिले, रात्री गजर लावून पण. यातनं जे निघालं त्याला एक रुपया लागला नाही.

दुपारी तीनला माडी ४०.५, सोपा ३२. रात्री साडेदहाला माडी २८.५, सोपा ३१. पहाटे चारला माडी २४, सोपा २९. पत्रा तापतो लवकर तसा निवतोही लवकर, संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं की दोन तासात गार. दगडी भिंत उलटी, दिवसभर खाल्लेली उष्णता रात्री बाहेर टाकत बसते. म्हणजे आईनं दुपारी खाली आणि रात्री वर असायला पाहिजे. आम्ही काय करत होतो, ती दिवसभर वर, आणि फारच उकडलं तर रात्री खाली झोपायला यायची. बरोबर उलटं.

आजपासून सकाळी नऊला आई खाली, सोप्यात कॉट टाकली. अकरा ते पाच सोप्याची रस्त्याकडची खिडकी आणि दार ओढून घ्यायचं, बाहेरची गरम हवा आत घ्यायची नाही. संध्याकाळी सहानंतर सगळं सताड उघडं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं नवा माठ आणून तिच्या कॉटच्या उशाशीच ठेवला. शिवाय दोन बाटल्यांवर मार्करनं वेळा लिहिल्या, अकरा, एक, तीन, पाच. नातीनं ते काम अंगावर घेतलंय, आजीला बाटली दाखवते आणि रेघेपर्यंत पाजते.

उष्णतेची लाट जाहीर होते का बघत बसू नका. हवामान खात्याचा नियम मैदानी भागासाठी असा की पारा ४० ला पोचला पाहिजे आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार डिग्री जास्त पाहिजे, नाहीतर पारा थेट ४५ ला तरी पोचला पाहिजे. बाहेर ३७ असताना आमची माडी ४० च्या वर होती, त्या दिवशी कुठलाच इशारा नव्हता आणि आईला त्रास झाला.

१९ एप्रिल

तरीपण पत्रा सोडून चालणार नव्हतं, संध्याकाळी सहा ते नऊ ती वर जायला बघते, तिचा देव्हारा वर आहे. म्हणून यावेळी नीट केलं. पत्रा तारेच्या घासणीनं घासला, साबणानं धुतला, एक दिवस वाळवला, मग जीआयचा प्रायमर, मग पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग दोन हात. रंग १० लिटर ३,२५०, प्रायमर १,१५०, रोलर-घासणी ४१०. प्रायमर नको म्हणून दुकानदार सांगत होता, मी घेतलाच, चुन्याचा अनुभव ताजा होता.

पत्र्यावर चढताना थेट पाय देऊ नका. खालच्या अँगलची ओळ बघून त्यावर आडवी फळी टाकायची आणि फळीवरनंच चालायचं, कमरेला दोर. काम पहाटे सुरू करून आठला बंद. आठनंतर पांढऱ्यावरनं ऊन डोळ्यात येतं आणि रंग ब्रशवरच वाळतो.

२२ एप्रिल

बाहेर ३८. टेपवर ४६, आधी ६३ होतं. खोलीत ३७, आधी ४० च्या वर जायची. आकडा तीन-चारचाच वाटेल, पण डोक्यावरची धग गेली, ती थर्मामीटरला कळत नाही, टाळूला कळते. आई म्हणाली, आता भाजल्यासारखं होत नाही.

२७ एप्रिल

शेडनेट (सावलीची जाळी), ७५ टक्के ऊन अडवणारी, हिरवी, ७५० रुपये. पत्र्यावर सरळ अंथरून कडेला बांधली. काही फरक नाही, उलट अर्धा डिग्री वाढला, कारण पांढरा पत्रा झाकून हिरवं काळपट वर आलं आणि ती नेट पत्र्यालाच चिकटून तापली. मग भंगारातनं पाईप आणले (९००), एक फूट उंच सांगाडा केला आणि नेट वर ताणली. मधनं वारं खेळायला लागलं तेव्हा टेपवर ४२ आलं. मधली एक फुटाची जागाच काम करते, नुसती सावली नाही. थर्माकोल पण डोक्यात होता, आतनं लावायला, पण लाकडी माडीत देव्हाऱ्याच्या दिव्याशेजारी थर्माकोल नको म्हणून सोडला, ते भुरकन पेटतं.

३ मे

जुना पत्र्याचा कूलर ३,८०० ला मिळाला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून पहिल्या दिवशी सगळी खिडक्या-दारं लावून चालवला, तासाभरात आर्द्रता ३८ वरनं ७९ वर आणि अंग चिकट, श्वास जड. कूलरला एका बाजूनं बाहेरची कोरडी हवा आणि दुसऱ्या बाजूनं जायला वाट पाहिजे. कूलर खिडकीत मागचं तोंड बाहेर करून बसवला, समोरचं दार अर्धं उघडं ठेवलं, ३१ डिग्री, आर्द्रता ५८.

याच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कूलरच्या अंगाला टेस्टर लावला तर दिवा लागला. बोर्डात तिसरं भोक होतं पण आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, घर जुनं. ओल्या हातानं आई पाणी घालायला गेली असती तर. त्याच दिवशी बंद केला, ओळखीच्या वायरमननं खालपासून अर्थिंग ओढून आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) बसवला, २,६५०. कूलर जुना असो नवा असो, आधी टेस्टर लावा. आणि पाणी भरताना प्लग काढूनच. आठवड्यातनं एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डासांची पैदास.

१० मे

हवा बदलली. दुपारनंतर ढग भरून येतात, पडत नाही, आर्द्रता दुपारीच ६० च्या वर. कूलर आता गारवा देत नाही, नुसता दमट करतो. पाणी बंद करून नुसता पंखा म्हणून चालवतोय. पंख्याबद्दल पण एक लक्षात ठेवा, खोलीतली हवा ४० च्या वर गेली की पंखा अंगावर गरम झळच मारतो, तेव्हा ओला पंचा अंगावर घेणं आणि खोली बदलणं हेच खरं. आमची आता ४० ला जात नाही.

१४ मे

संध्याकाळी वळीव. आधी धुळीचा लोट, मग वारं, गारा. शेडनेट तीन ठिकाणी फाटली आणि सांगाड्याचा एक पाईप वाकून गच्चीत पडला, कुणाला लागलं नाही. ताणून पक्की बांधली ती चूक, वाऱ्याचा अंदाज आला की सोडून गुंडाळता येईल अशी दोरीची गाठ पाहिजे होती. रंग जसाच्या तसा आहे.

खर्च आजपर्यंत: थर्मामीटर ३८०, चुन्याचं सगळं बादलीसकट १,०६०, पोती ४८०, रंग ४,८१०, नेट आणि पाईप १,६५०, कूलर ३,८००, वायरिंग २,६५०. एकूण १४,८३०. यातले पोत्यांचे आणि नेटचे वाया गेले असंच धरा.

१८ मे

गवंडीमामांना बोलवून आईच्या खोलीला लागून, गच्चीच्या कोपऱ्यात चार बाय तीनचा संडास काढला. कमोड, चार इंची पाईप खालच्या चेंबरपर्यंत, मजुरी धरून १९,४००. मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं की खोली थंड करायला संडास बांध, तर मी ऐकलं नसतं. पाईपला पहिल्यांदा उतार कमी दिला होता, पाणी तुंबत होतं, काल मामांनी परत उकलून नीट केला. कमोडच्या दोन्ही बाजूला धरायला पाईप मी कारखान्यात वेल्ड करून आणले.

काल रात्री आईनं झोपायच्या आधी तांब्याभर पाणी मागितलं आणि माझ्यासमोर सगळं प्याली. दाराची फ्रेम अजून आलेली नाही, तोवर जुन्या नऊवारीचा पडदा लावलाय.